निराधारचा पगार कधी येतो? दिव्यांग अनुदान हातात पडेपर्यंतची सगळी वाट

"ताई, पगार आला का?" महिन्याचा पहिला आठवडा सुरू झाला की माझा धाकटा भाऊ रोज सकाळी हे विचारतो. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे आणि प्रमाणपत्रावर ८५ टक्के दिव्यांगत्व आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्याला दर महिन्याला जे पैसे मिळतात, त्यांना सरकारी कागदावर 'अर्थसहाय्य' म्हणतात. आमच्याकडे सगळे त्याला पगारच म्हणतात, आणि तो तर अभिमानाने म्हणतो.

२०२५च्या सुरुवातीला हा पगार आमच्या पासबुकात सलग चार महिने दिसला नाही. मी तहसीलच्या आणि बँकेच्या इतक्या खेपा घातल्या की दोन्हीकडचे शिपाई मला ओळखू लागले. शेवटी कळले की सरकारने एकही महिना चुकवला नव्हता. पैसे येत होते, फक्त आम्ही ज्या खात्याकडे डोळे लावून बसलो होतो त्यात नाही. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती तर आमची सगळी धावपळ वाचली असती. म्हणून हा लेख. महाराष्ट्रात राहणाऱ्या, नव्याने अर्ज करणाऱ्या किंवा नुकतीच मंजुरी मिळालेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

## १. तुमचा पैसा नक्की कोणत्या योजनेचा, ते आधी पक्के करा

तहसील कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "कोणत्या योजनेत नाव आहे?" आणि निम्मे लोक इथेच गडबडतात. दिव्यांगांसाठी तीन नावे लक्षात ठेवा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना ही राज्य सरकारची. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त हवे, वय ६५च्या आत आणि महाराष्ट्रातले वास्तव्य किमान १५ वर्षांचे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५० हजार रुपयांपर्यंत चालते. हा आकडा पाठ करून जा. इतर निराधारांसाठी मर्यादा २१ हजारांची आहे, आणि बाहेर फॉर्म भरून देणारे किंवा शेजारीपाजारी सर्रास तीच सांगून माणसाला परत पाठवतात.

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना ही केंद्राची. ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब, अशी तिची अट. केंद्र यात महिन्याला ३०० रुपये देते आणि वरची रक्कम राज्य घालते.

तिसरी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. पासष्टी ओलांडली की नाव तिकडे जाते.

रक्कम किती? जुलै २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये मिळत होते. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांमधल्या दिव्यांगांसाठी त्यात १००० रुपयांची वाढ केली आणि ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये ठरले. पण ही वाढ फक्त दिव्यांगांसाठी आहे. एखाद्या दिव्यांग बाईंचे नाव विधवा म्हणून यादीत चढलेले असेल, तर यंत्रणेच्या लेखी त्या दिव्यांग नाहीतच. तुमच्या खात्यात अजूनही १५०० येत असतील तर तहसीलमध्ये जाऊन विचारा, "माझी नोंद दिव्यांग म्हणून आहे का? यूडीआयडी क्रमांक चढवला आहे का?" नसेल तर यूडीआयडी कार्डाची (केंद्र सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स तिथेच द्या आणि पोच घ्या.

इथेच आणखी दोन गैरसमज मिटवते. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून कधी साहित्य मिळते, कधी रक्कम मिळते. तो या पगाराचा भाग नाही आणि त्याची चौकशी तहसीलमध्ये करून काही उपयोग नाही. दुसरे लाडकी बहीण योजनेचे. ज्या महिलांना दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त रुपये मिळतात, त्या लाडकी बहीणसाठी पात्र नाहीत. कोणाच्या सांगण्यावरून दोन्हीकडे अर्ज करू नका, पुढे निस्तरताना फार त्रास होतो.

## २. तारीख शोधत बसू नका, साखळी समजून घ्या

नोकरदाराचा पगार एक तारखेला होतो, तसा हा होत नाही. कधी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, कधी पुढच्या महिन्यावर जातो, कधी दोन महिन्यांचे एकदम येतात. आणि ऑक्टोबरमध्ये आलेले पैसे सप्टेंबरचेही असू शकतात. त्यामुळे "या महिन्याचा आला नाही" असे म्हणण्याआधी शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा होता ते बघा.

मला साखळी कळली तेव्हा निम्मी चिंता गेली. आधी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग निधी सोडतो, त्याचा शासन निर्णय निघतो. तहसीलच्या संजय गांधी शाखेत (कार्यालयात तिला 'संगायो' म्हणतात) तुमचे नाव, आधार क्रमांक, योजना अशी नोंद असते. त्या यादीवरून पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने निघतात. मग तुमचा आधार ज्या बँकेशी जोडला आहे त्या बँकेत जातात आणि शेवटी खात्यात जमा होतात.

पैसे अडकतात ते या चारांपैकी एका ठिकाणी. तुमच्यासारख्याच इतर कोणाचेच आले नसतील तर निधी सुटलेला नाही, घरी बसा. शेजारच्या लाभार्थ्याचे आले आणि तुमचे आले नाहीत, तर मात्र दोष तुमच्या नोंदीत, आधारात किंवा खात्यात आहे. म्हणून आपल्याच तालुक्यातल्या, आपल्याच योजनेतल्या दोन-तीन जणांचे फोन नंबर जवळ ठेवा. मला आजवर याहून भरवशाची चौकशी सापडलेली नाही.

एप्रिल-मे महिन्यांसाठी थोडे पैसे बाजूला राहतील असे बघा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलते, नव्या तरतुदीतून निधी सुटायचा असतो आणि त्या दिवसांत उशीर झालेला आम्ही अनुभवला आहे. औषधवाल्याला आम्ही मार्चमध्येच सांगून ठेवतो.

बँकेच्या सुट्टीची भीती मात्र बाळगू नका. डीबीटीचे पैसे ज्या यंत्रणेने खात्यात पडतात ती १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालू असते. सुट्टीने फक्त काउंटर बंद राहतो.

## ३. एका पिशवीत हे कागद कायम तयार ठेवा

अर्जाच्या वेळी आणि नंतर दर चौकशीला पुन्हा पुन्हा हेच लागतात:

- यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांग प्रमाणपत्र
- आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल
- शिधापत्रिका
- वयाचा पुरावा
- १५ वर्षे वास्तव्याचा रहिवासी दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- पासबुकाचे पहिले पान, ज्यावर नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी स्पष्ट दिसतो
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- मंजुरीचे पत्र मिळाले असेल तर त्याच्या दोन झेरॉक्स

अर्ज तलाठ्यामार्फत, सेतू केंद्रातून किंवा तहसीलमध्ये करता येतो. पुढे तालुक्याच्या समितीसमोर प्रकरण जाते आणि मंजूर झाले की नाव यादीत चढते. ही वाट लांबलचक आहे, पण तिथे अवघड असे काही नाही. पोच घ्यायला विसरू नका, एवढेच.

नावाकडे मात्र बारकाईने बघा. आधारवर वडिलांचे नाव मधे आहे आणि पासबुकात नाही, यूडीआयडीवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे आहे, जन्मतारीख एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते साल आहे. असले फरक अर्ज करण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

यूडीआयडी नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावे लागते. पिवळी पट्टी ४० ते ७९ टक्क्यांसाठी आणि निळी ८० व त्यावरच्यांसाठी असते. कार्डावर किंवा प्रमाणपत्रावर 'तात्पुरते' लिहिले असेल तर त्याची मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा. मुदत संपल्यावर धावणे आणि संपण्याआधी चार महिने अर्ज करणे यात काही महिन्यांच्या पगाराचा फरक पडू शकतो.

## ४. आधार आणि खाते: सगळ्यात मोठा सापळा इथे आहे

आता आमची गोष्ट नीट सांगते.

आधी आमच्याकडे तहसीलमधून बँकेला यादी जायची, त्यात खाते क्रमांक असायचा आणि त्या क्रमांकावर पैसे पडायचे. डिसेंबर २०२४ पासून राज्याने हे पैसे डीबीटीने द्यायला सुरुवात केली. डीबीटीत पैसे खाते क्रमांकाच्या मागे जात नाहीत, आधारच्या मागे जातात. आधार क्रमांक टाकला की देशपातळीवरच्या एका नोंदवहीत, म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधली पैशांची देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या) मॅपरमध्ये, हा आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते पाहिले जाते आणि पैसे त्या बँकेला जातात.

आमच्या भावाचे दोन खाते. एक जनधनच्या शिबिरात वडिलांनी उघडलेले, जे नंतर कोणी वापरलेच नाही. दुसरे तालुक्याच्या ठिकाणचे, ज्यात इतकी वर्षे पगार येत होता. दुसऱ्या खात्याला आम्ही आधारची झेरॉक्स दिली होती, केवायसी झाली होती, आणि काउंटरवर प्रत्येक वेळी उत्तर मिळायचे, "आधार लिंक आहे ताई, आमच्याकडून काही अडचण नाही." ते खरेच होते. पण केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार जोडणे वेगळे आणि डीबीटीसाठी आधार सीडिंग करणे, म्हणजे त्या मॅपरमध्ये आपली बँक नोंदवणे, वेगळे. सीडिंग शिबिरातल्या जुन्याच खात्याला होते. चार महिने पैसे तिथे जमत राहिले आणि आम्ही भलत्या काउंटरवर भांडत राहिलो.

त्या जुन्या खात्याचे पासबुक आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, वडिलांच्या धोतराच्या घडीत सापडले. वर्षानुवर्षे व्यवहार नसल्याने खाते निष्क्रिय झाले होते. अशा खात्यात सरकारी पैसे जमा होत राहतात, पण नव्याने केवायसी केल्याशिवाय काढता येत नाहीत. भावाला रिक्षातून नेले. बँकेला तीन पायऱ्या, उतार नाही. तिथला एक कर्मचारी अंगठ्याचे यंत्र घेऊन रिक्षापाशी आला. भावाची मूठ घट्ट वळलेली असते, घाईत तर आणखीच आवळते. मी एकेक बोट सोडवत गेले, तो हसत होता आणि यंत्र चार वेळा लाल झाले. पाचव्यांदा हिरवे झाले.

तुमच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून एवढे करा.

पहिले, स्वतः तपासा. माय आधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी टाकून आत जा. तिथे 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून एक चौकोन आहे. त्यात बँकेचे नाव, सीडिंग सक्रिय आहे की नाही आणि शेवटी कधी बदल झाला ते दिसते. खाते क्रमांक पूर्ण दिसत नाही, पण बँकेचे नाव दिसले तरी उलगडा होतो. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो जोडा. त्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही.

दुसरे, शब्द नीट वापरा. बँकेत "आधार लिंक करा" असे म्हणू नका. "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपरमध्ये आधार सीडिंग करायचे आहे" असे म्हणा आणि त्याचा संमती अर्ज मागा. आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर त्या बँकेचे नाव लिहायची जागा त्या अर्जात असते. ती कोरी सोडू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या आणि काही दिवसांनी पुन्हा पहिली पायरी करून पाहा.

तिसरे, नवे खाते उघडताना सावध राहा. दुकानात, मोबाइलवर, शिबिरात आधार आणि अंगठा देऊन दोन मिनिटांत खाते उघडते, आणि कित्येकदा संमतीच्या खुणेबरोबर सीडिंगही तिकडे सरकते. पुढच्या महिन्यापासून पगार त्या नव्या खात्यात. 'पैसे बंद झाले' म्हणून माझ्याकडे जे लोक येतात, त्यांना मी आधी विचारते की गेल्या सहा महिन्यांत कुठे खाते उघडले का.

चौथे, खाते जिवंत ठेवा. महिन्याला थोडे तरी काढा किंवा भरा. बँकेने पुन्हा केवायसी मागितली तर टाळू नका.

आपले माणूस सज्ञान आहे पण स्वतः व्यवहार करू शकत नाही, अशा घरांसाठी एक खास सूचना. वय १८ झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. ते प्रमाणपत्र दाखवून बँकेत पालकाने चालवायचे खाते उघडता येते. रिझर्व्ह बँकेने बँकांना हे मान्य करायला सांगितले आहे. शाखेतल्या माणसाला माहीत नसेल तर शांतपणे शाखा व्यवस्थापकांशी बोला. आम्ही हे काम आई असतानाच केले याचा मला फार दिलासा वाटतो. तुमच्या घरात आई-वडील थकले असतील तर हे याच वर्षी करा.

## ५. पैसे आले का, ते कसे ओळखाल

एसएमएस येतोच असे नाही. खात्याला मोबाइल जोडलेला असेल तर बँकेच्या मिस्ड कॉल सेवेने शिल्लक कळते. नाहीतर पासबुक भरून घ्या.

पासबुकात 'संजय गांधी' असे स्वच्छ लिहिलेले मिळेलच असे नाही. बहुधा डीबीटी, एपीबीएस, एनएसीएच अशी अक्षरे आणि एक लांब क्रमांक असतो. पहिल्या वेळी ओळ सापडली की तिच्यापुढे पेन्सिलीने खूण करा, मग पुढच्या महिन्यात तशीच ओळ शोधा.

केंद्राच्या योजनेत नाव असेल तर ३०० रुपये वेगळे आणि राज्याची रक्कम वेगळी पडू शकते, वेगवेगळ्या दिवशी. आमच्याकडे नुसते ३०० दिसले तेव्हा आईला वाटले पगार कापला. ती दुसऱ्या दिवसापर्यंत जेवली नाही. राज्याची रक्कम नंतर आली. म्हणून ३०० बघून घाबरू नका, थोडे थांबा आणि मग चौकशी करा.

एक वही करा. चार रकाने पुरतात: कोणत्या महिन्याचा, कोणत्या तारखेला पडला, किती, कोणत्या बँकेत. वर्षभराची वही हातात असली की काउंटरवरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

## ६. पैसे काढताना

दिव्यांग व्यक्ती आणि ७० वर्षांवरचे ज्येष्ठ यांना घरपोच बँक सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. शाखेत लेखी मागणी करा. पोस्टमनही अंगठ्याच्या यंत्राने घरी येऊन पैसे देऊ शकतो, गावात ही सोय चांगली चालते.

बँक मित्राकडे किंवा ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढत असाल तर तीन गोष्टी सोडू नका. छापील पावती घ्याच. पावतीवरची रक्कम आणि हातातली रक्कम तिथेच जुळवा. आणि "सर्व्हर डाउन आहे, पुन्हा अंगठा लावा" असे म्हटले तर दुसरा अंगठा लावण्याआधी शिल्लक तपासायला सांगा. एकाच दिवशी दोनदा पैसे गेलेले आणि हातात एकदाच आलेले लोक मला माहीत आहेत. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांच्याबरोबर घरचे कोणीतरी जा. एरवी आधारचे बायोमेट्रिक बंद करून ठेवता येते आणि पैसे काढायच्या वेळी उघडता येते. ही सोय माय आधारवर आहे, ज्यांच्या घरी मोबाइल नीट वापरणारे कोणी आहे त्यांनी ती जरूर वापरावी.

'पेन्शन वाढली आहे, केवायसीसाठी लिंक दाबा' असे फोन आणि मेसेज वाढ जाहीर झाल्यापासून बरेच येतात. तहसील किंवा बँक लिंक पाठवून ओटीपी मागत नाही. फोन ठेवून द्या.

## ७. नाव यादीत टिकवायचे तर वर्षातून एकदा

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. उत्पन्नाचा दाखला मागितला की तोही. या वर्षी कधीपर्यंत आणि कुठे द्यायचा, हे तलाठ्याला म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, शहरात असाल तर संगायो शाखेत, मार्च संपायच्या आत विचारून घ्या. गावात दवंडी होते, चावडीवर कागद लागतो, पण ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. माझ्या ओळखीच्या एका अंथरुणाला खिळलेल्या काकांचा पगार नुसता याच कारणाने थांबला. ते जिवंत आहेत हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते, कागदाला तेवढे माहीत नव्हते.

माणूस येऊ शकत नसेल तर तसे लेखी कळवा आणि घरी येऊन पडताळणी करण्याची विनंती करा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहरा पडताळणीने काम होईल का, हेही विचारा. तालुका बदलून राहायला गेलात तर दोन्ही तहसीलना लेखी कळवा, नुसता आधारचा पत्ता बदलून भागत नाही.

## ८. आला नाही, तर या क्रमाने जा

पहिली खेप घरातच. शेजारच्या लाभार्थ्याला फोन, मग माय आधारवर सीडिंग. दोन्ही पाहिल्याशिवाय रिक्षाचे पैसे घालवू नका.

दुसरी खेप सीडिंगमध्ये ज्या बँकेचे नाव दिसले तिथे. पासबुक भरून घ्या, खाते निष्क्रिय आहे का, केवायसी बाकी आहे का विचारा.

तिसरी खेप तहसीलची संगायो शाखा. विचारायचे असे: "भाऊसाहेब, माझे नाव सक्रिय आहे का? शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा गेला? परत आला असेल तर कारण काय दिसते?" पडद्यावर कारण दिसत असेल तर शब्दशः लिहून घ्या. 'आधार सीड नाही', 'खाते बंद', 'नाव जुळत नाही', 'हयात बाकी' यांतल्या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. तोंडी उत्तर घेऊन परतू नका, छोटा अर्ज देऊन आवक शिक्का घ्या.

तरीही हलले नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. तालुक्यात महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्यात पहिल्या सोमवारी असतो. तिथे शिक्का मारलेली अर्जाची प्रत लागते, म्हणूनच तो शिक्का. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार टाकता येते. माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कावर माहिती मागता येते, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ आहे, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. बँकेची चूक असेल आणि लेखी तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यांचा फोन १४४४८. आधारच्या अडचणीसाठी १९४७.

तहसीलला द्यायच्या अर्जाचा मजकूर मी असा लिहिते. रिकाम्या जागा भरून तसाच उतरवून घ्या:

"मा. तहसीलदार साहेब यांस, मी (नाव), राहणार (गाव), संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा दिव्यांग लाभार्थी आहे. यूडीआयडी क्रमांक (…), आधारचे शेवटचे चार अंक (…). मला (महिना, वर्ष) पर्यंतचे अर्थसहाय्य मिळाले असून त्यानंतरच्या (…) महिन्यांचे मिळालेले नाही. माझे आधार सीडिंग (बँकेचे नाव) येथे सक्रिय असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. तरी रक्कम कोणत्या कारणाने जमा झाली नाही ते लेखी कळवावे व थकीत रक्कम जमा करण्याची कार्यवाही व्हावी, ही विनंती. सोबत: सीडिंगची छापील प्रत, पासबुकाचे शेवटचे पान, यूडीआयडी कार्ड."

दोन प्रती करा. एक तिथे द्यायची, शिक्क्याची पिशवीत ठेवायची.